परदेशातील नोकरी : व्हिसा, पगार, बँक आणि गावाकडची जमीन

पोटासाठी घर सोडणे सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्याला नवे नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, अनेक दशकांपासून देशभरातील सराफ बाजारांत स्थिरावले आहेत. चुलत्याच्या किंवा मामाच्या दुकानात राहायचे, भट्टीपाशी काम शिकायचे, चार वर्षांनी जवळच्याच गल्लीत स्वतःचे दुकान टाकायचे आणि मग गावाकडून धाकट्या भावाला बोलावून घ्यायचे, अशी ही रीत आहे. साताऱ्याच्या माण-खटाव, जावळी, पाटण भागातील माणसांनीही याच पद्धतीने मुंबई गाठली आणि माथाडी कामात जम बसवला. नात्यातल्या एकाने पुढे जायचे आणि मागच्यांना हात द्यायचा, हे शहाणपण आपल्याकडे मुरलेले आहे. त्यामुळे आता दुबई, मस्कत, जर्मनी किंवा जपानला निघालेल्या मुलाच्या घरचेही सहज म्हणतात की आपला माणूस तिथे आहे, मग काळजी कसली?

काळजी आहे, आणि ती कायद्याची आहे. विट्याचा कारागीर कोचीला गेला तेव्हा त्याने कोणाची परवानगी घेतली नव्हती, कारण देशात कोठेही जाण्याचा, राहण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा अधिकार भारतीय राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. मालकाशी पटले नाही तर तो दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात कामाला लागू शकत होता. देशाची सीमा ओलांडली की हा अधिकार मागे राहतो. परक्या देशात राहण्याचा प्रत्येक दिवस परवानगीवर असतो, आणि नोकरीसाठी मिळालेली परवानगी बहुतेक वेळा एका ठरावीक मालकाकडच्या ठरावीक कामापुरतीच असते. चुलता तिथे वीस वर्षे राहत असला, तरी तो पुतण्याला राहायला जागा देईल, जेवण देईल. काम करण्याचा हक्क मात्र तो देऊ शकत नाही.

दुसरा फरक याहून कमी लोकांच्या लक्षात येतो. माणूस परदेशी गेला की भारतातील कायदेही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात, आणि प्रत्येक कायद्याची मोजपट्टी निराळी असते. परकीय चलनाचा कायदा त्याचा हेतू पाहतो, आयकर कायदा दिवस मोजतो, आणि जमिनीच्या बाबतीत ती हाती कशी आली हे पाहिले जाते. या मोजपट्ट्या एकमेकींत मिसळल्या की घोटाळे होतात. म्हणून एकेक बाब सुटी करून पाहणे बरे.

परवाना आणि एजंट

भारतातून कामासाठी बाहेर जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. ज्याचे शिक्षण दहावीपर्यंत झालेले नाही, अशा व्यक्तीच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’, म्हणजे उत्प्रवासनाची तपासणी आवश्यक, अशी नोंद असते. अशा व्यक्तीला ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जायचे असेल, तर आधी सरकारच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान, कतार, कुवेत, बहारीन हे आखाती देश आणि मलेशिया, जॉर्डन, इराक हे त्या यादीत आहेत. दहावी उत्तीर्ण असलेल्याच्या पासपोर्टवर ही नोंद नसते आणि त्याला ही मंजुरी लागत नाही.

पुष्कळांना ही मंजुरी म्हणजे नसती अडवणूक वाटते. माझे मत नेमके उलट आहे. मंजुरीसाठी परदेशी मालकाची नोंद, नोकरीचा करार आणि पगार हे सर्व सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर चढते, आणि शिवाय प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. या विम्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये इतका किरकोळ आहे, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास संरक्षण दहा लाख रुपयांचे आहे. गवंडीकाम, वेल्डिंग, वाहनचालकाची नोकरी अशा कामांवर जाणाऱ्याच्या घरच्यांसाठी ही रक्कम मोलाची आहे. मात्र, या मार्गाने गेलेल्यालाच ती मिळते.

फसवणूक होते ती हा मार्ग टाळल्यामुळे. या अठरा देशांत फिरायला जाण्यासाठी उत्प्रवासन मंजुरी लागत नाही, आणि नेमक्या याच फटीतून तालुक्याच्या ठिकाणचा उप-एजंट माणसे पाठवतो. तो म्हणतो, ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे उतरल्यावर कंपनी व्हिसा बदलून देईल.’ भेटीच्या व्हिसावर काम करणे अमिरातीत बेकायदा आहे. अशा माणसाचा पगार थकला तर त्याला कामगार खात्यात तक्रार करणे अवघड जाते, कारण कागदोपत्री तो कामगार नसतोच. मुदत संपल्यावर दंड चढत जातो आणि परतीचे तिकीट काढण्याआधी तो भरावा लागतो. मालकाच्या मेहेरबानीवर राहण्याची पाळी येते ती अशी.

उत्प्रवासन कायद्याच्या कलम १० नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. एजंट कितीही ओळखीचा असला, अगदी भावकीतला असला, तरी त्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो ई-मायग्रेटच्या यादीत आहे का, मुदतीत आहे का, हे स्वतः पाहावे. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. दोन-तीन लाख रुपये रोख मागणारा आणि पावती न देणारा माणूस कायद्याच्या बाहेर आहे, हे ओळखायला याहून वेगळी खूण नको. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानेही भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई केली आहे. म्हणजे व्हिसासाठी म्हणून इकडे जे पैसे घेतले जातात, ते तिकडच्या कायद्यानुसार मालकाने भरायचे असतात. दागिने गहाण ठेवून किंवा खासगी सावकाराकडून महिना तीन-चार टक्क्यांनी पैसे उचलून ही रक्कम भरली जाते, तेव्हा पहिल्या वर्षाचा पगार व्याजातच जातो. हे मला या सगळ्या व्यवहारातले सर्वांत मोठे दुःख वाटते, कारण ते टाळता येण्यासारखे असते.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे हाही गैरप्रकार आहे. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे आणि अमिरातीसह अनेक आखाती देशांत तो कामगाराकडून काढून घेण्यास मनाई आहे. त्याच्या आणि व्हिसाच्या प्रती घरी आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे ठेवाव्यात. अडचण आली तर तेथील भारतीय दूतावासाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. संकटातील भारतीयांची तात्पुरती सोय, कायदेशीर मदत आणि परतीचे तिकीट यांसाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधीही आहे.

पगाराचा कागद कसा वाचावा

करारावर एकूण पगाराचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, पण पाहायचा आकडा त्याच्या वरच्या ओळीत असतो. तो म्हणजे मूळ पगार. समजा, दोन मित्रांना दुबईत महिना ३,००० दिऱ्हमची नोकरी मिळाली. एकाच्या करारात मूळ पगार १,५०० आणि बाकीचे घरभाडे, प्रवास व इतर भत्ते आहेत. दुसऱ्याच्या करारात मूळ पगार २,१०० आहे. दर महिन्याला हातात येणारी रक्कम सारखीच असल्याने दोघांनाही फरक जाणवत नाही. तो कळतो नोकरी सोडताना.

अमिरातीत एक वर्ष पूर्ण केलेल्या परदेशी कामगाराला नोकरीच्या शेवटी उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढे दर वर्षी ३० दिवसांचा मूळ पगार, अशी मोजणी असते. एकूण उपदान दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही. पहिल्या मित्राचा एका दिवसाचा मूळ पगार ५० दिऱ्हम, म्हणून पहिल्या पाच वर्षांचे उपदान ५,२५० आणि पुढच्या तीन वर्षांचे ४,५००. आठ वर्षांनी त्याला ९,७५० दिऱ्हम मिळतील. दुसऱ्याचा दिवस ७० दिऱ्हमचा, म्हणून त्याला ७,३५० आणि ६,३०० मिळून १३,६५० दिऱ्हम मिळतील. काम तेच, महिन्याचा पगार तोच, आणि फरक ३,९०० दिऱ्हमचा. जादा कामाचा मोबदला आणि न घेतलेल्या रजेचे पैसेही मूळ पगारावरच मोजले जातात. म्हणून सही करण्याआधी एकूण आकड्यावर घासाघीस करण्याऐवजी मूळ पगार वाढवून मागणे कितीतरी फायद्याचे ठरते.

दिऱ्हमचा दर रुपयांत सतत बदलताना दिसतो, त्याचे कारण दिऱ्हम नव्हे, रुपया आहे. १९९७ पासून एक अमेरिकी डॉलर म्हणजे ३.६७२५ दिऱ्हम हा दर कायम ठेवलेला आहे. डॉलर महागला की दिऱ्हम तितकाच महागतो, त्यामुळे रुपया घसरतो तेव्हा आखातातून घरी येणारी रक्कम फुगते. मात्र घराचे हप्ते किंवा शेतीच्या मोठ्या खर्चाचे गणित अशा चढ्या दरावर बसवू नये.

युरोपात पगाराचे गणित अगदी उलट्या अंगाने समजून घ्यावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडे जर्मन भाषेचे वर्ग वाढले आहेत. १८९४ पासून मिशन हॉस्पिटलची परंपरा असलेल्या आणि वैद्यकीय नगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिरजेतील परिचारिकांना तर तेथून चांगली मागणी आहे. तिथे पगाराचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातून आयकर आणि सामाजिक विम्याचे हप्ते कापले जातात. एकट्या निवृत्तिवेतनासाठीच पगाराच्या १८.६ टक्के रक्कम भरली जाते आणि तिची निम्मी, म्हणजे ९.३ टक्के, कामगाराच्या पगारातून जाते. हे पैसे वाया जात नाहीत. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी किमान पाच वर्षांचा काळ लागतो, आणि भारत व जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करारामुळे दोन्ही देशांतील काळ एकत्र धरता येतो. असे करार जपान, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशीही आहेत, अमेरिकेशी मात्र नाही. परिचारिकांनी आणखी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. आपल्या पदवीला तिथे मान्यता मिळेपर्यंत साहाय्यक म्हणून कमी पगारावर काम करावे लागते, आणि मान्यतेच्या वाटेवर भाषेची बी-२ पातळी हा मोठा टप्पा असतो. म्हणून भाषेवर इथेच घालवलेले सहा महिने तिथे गेल्यावर पगाराच्या रूपाने परत मिळतात.

जपानची ‘विशिष्ट कौशल्य कामगार’ ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये भारताने तिच्यासाठी करार केला. तिच्यात भाषेची मूलभूत परीक्षा आणि कामाची परीक्षा अशा दोन्ही द्याव्या लागतात. अमेरिकेचा एच-१बी, म्हणजे कुशल नोकरदारांसाठीचा, व्हिसा वर्षाला ८५,००० जणांपुरता मर्यादित आहे, त्यासाठी सोडत निघते, आणि नोकरी गेल्यास दुसरा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. देश कितीही पुढारलेला असला, तरी राहण्याचा हक्क नोकरीला बांधलेला असतो, हे सूत्र तिथेही बदलत नाही. म्हणूनच परदेशी गेलेल्याने पहिल्या कमाईतून सहा महिन्यांचा खर्च आणि परतीचे तिकीट एवढी रक्कम बाजूला ठेवावी, आणि त्यानंतरच गावाकडच्या घराचा पाया खणायला घ्यावा.

बँक आणि आयकर

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे १९९९ चा फेमा, असे मानतो की जो भारतीय नोकरीसाठी किंवा व्यवसायासाठी परदेशी गेला, तो गेला त्याच दिवसापासून अनिवासी झाला. तिथे सहा महिने राहण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून विमानात बसण्याआधी किंवा पोहोचल्यावर लगेच आपल्या बँकेला कळवून इथले बचत खाते बदलून घ्यावे लागते. आपल्याकडे हे काम सर्रास राहून जाते. खाते वडिलांबरोबर संयुक्त असते, एटीएम कार्ड घरी असते, सगळे सुरळीत चाललेले असते, त्यामुळे बँकेला सांगण्याची गरजच कोणाला वाटत नाही. परंतु अनिवासी व्यक्तीने साधे निवासी खाते चालू ठेवणे नियमात बसत नाही.

अनिवासी व्यक्तीची मुख्य खाती दोन. जुने बचत खाते बदलून होते ते एनआरओ खाते. त्यात भारतातील उत्पन्न जमा होते, जसे की घरभाडे, शेतमालाचे पैसे, ठेवीवरचे व्याज. दुसरे एनआरई खाते, ज्यात परदेशातील कमाई आणायची. एनआरई खात्यातील पैसा केव्हाही पुन्हा परदेशी नेता येतो आणि त्यावरील व्याजाला भारतात आयकर लागत नाही. एनआरओ खात्यातून कर भरल्यानंतर एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. त्यावरील व्याज करपात्र असते आणि बँक ३० टक्के कर व त्यावरील उपकर आधीच कापून घेते. ज्याचे भारतातील उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत आहे, त्याने विवरणपत्र भरल्यास ही कापलेली रक्कम परत मिळते. अनेक जण ‘आपण तर परदेशात आहोत’ म्हणून विवरणपत्रच भरत नाहीत आणि हक्काच्या पैशावर पाणी सोडतात.

आई-वडिलांच्या खर्चासाठी त्यांच्या साध्या खात्यात थेट पैसे पाठवायला काहीच हरकत नाही. मुलाने आई-वडिलांना दिलेली रक्कम ही नातेवाइकाने दिलेली भेट ठरते आणि त्यांना तिच्यावर कर लागत नाही. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे जुने खाते मुदत संपेपर्यंत चालवता येते, नवे मात्र उघडता येत नाही. पैसा बँकेमार्फत किंवा अधिकृत विनिमय संस्थेमार्फतच पाठवावा. हवालाने पाठवल्यास दर दोन पैसे जास्त मिळतो म्हणून जो मोह होतो, त्याची किंमत पुढे घर घेताना पैशाचा स्रोत दाखवता न आल्याने मोजावी लागते.

आयकर कायदा मात्र हेतू पाहत नाही, दिवस मोजतो. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात असेल, तर तो त्या पूर्ण वर्षासाठी अनिवासी ठरतो आणि त्याच्या परदेशी पगाराला भारतात कर लागत नाही. १८२ किंवा अधिक दिवस भरले, तर सामान्यतः तो निवासी ठरतो आणि त्या वर्षाचे जगभरातले उत्पन्न भारतात करपात्र होते.

समजा, कराडचा एक अभियंता महिना १५,००० दिऱ्हमच्या नोकरीसाठी दुबईला निघाला आहे. तो २५ सप्टेंबरला निघाला, तर निघण्याचा दिवस धरून त्याचे भारतातील १७८ दिवस होतात आणि तो अनिवासी ठरतो. तोच १० ऑक्टोबरला निघाला, तर १९३ दिवस होतात आणि तो निवासी ठरतो. मग ऑक्टोबर ते मार्च या काळातील त्याचा दुबईचा पगार, जो वीस लाख रुपयांच्या वर जातो, भारतातील करासाठी धरला जातो. दुबईत पगारावर वैयक्तिक आयकर नसल्याने तिथे भरलेल्या कराची वजावट मागण्याचा प्रश्नच येत नाही. जर्मनीत गेलेल्याला दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार तिथल्या कराची वजावट मिळू शकते, दुबईला गेलेल्याला ती मिळत नाही. पंधरवड्याच्या फरकाने लाखांचा कर बसतो तो असा. महिना दोन-तीन हजार दिऱ्हम कमावणाऱ्या कामगाराला निवासी म्हणून मिळणाऱ्या सवलतीमुळे बहुधा कर लागणार नाही, पण मोठ्या पगाराच्या माणसाने रुजू होण्याची तारीख ठरवताना हे दिवस मोजावेतच. तिकिटाचे पुरावे आणि पासपोर्टवरील शिक्के जपून ठेवावेत, कारण प्रश्न उद्भवला तर दिवसांचा हिशेब त्यांवरूनच होतो.

पुढच्या वर्षांत सुट्टीवर येतानाही १८२ दिवसांचे भान ठेवावे लागते, आणि ज्यांचे भारतातील करपात्र उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त आहे त्यांच्यासाठी ही मर्यादा १२० दिवसांवर येते.

जमीन

परदेशी गेलेल्या आपल्या माणसाचे पहिले स्वप्न बहुधा शेतीचे असते. तासगावला द्राक्षबाग, वाळव्याला उसाचे रान, किंवा टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यानंतर आटपाडीत डाळिंबासाठी चार एकर. इथे फेमाचा नियम आडवा येतो. अनिवासी भारतीयाला राहते घर, सदनिका, दुकानगाळा किंवा बिगरशेती भूखंड विकत घेता येतो, पण शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही, आणि बक्षीसपत्रानेही स्वीकारता येत नाही. महाराष्ट्राच्या कुळकायद्याला शेतजमिनीच्या खरेदीसाठी लागणारा शेतकरी असल्याचा पुरावा त्याच्याकडे असला, तरीही ही मनाई कायम राहते.

मात्र जी जमीन तो भारतात राहत असताना त्याच्या नावावर होती, ती त्याची राहते. निवासी वडिलांच्या मागे वारसाने किंवा मृत्युपत्राने येणारी जमीनही त्याला मिळते आणि सात-बाऱ्यावर त्याचे नाव लागू शकते. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. म्हणून एकत्र कुटुंबात वाटप करायचेच असेल, तर मुलगा परदेशी जाण्याआधी वाटणीपत्र करून फेरफार मंजूर करून घेणे सर्वांत सोपे. सात-बाऱ्यावर नाव असलेला मुलगा अनिवासी झाला, तर त्याला पीएम-किसानचा हप्ता घेता येत नाही, हेही घरच्यांनी लक्षात ठेवावे.

अनेक घरांत यावर एक वाट काढली जाते. मुलगा पैसे पाठवतो आणि जमीन वडिलांच्या नावावर घेतली जाते. वडिलांना खऱ्या अर्थाने पैसे देऊन टाकले आणि त्यांनी स्वतःसाठी जमीन घेतली, तर ती वडिलांचीच होते, आणि मृत्युपत्र नसेल तर त्यांच्यामागे ती आई, सर्व भाऊ आणि सर्व बहिणी यांच्यात समान वाटली जाते. पंधरा वर्षे वाळवंटात राबून पैसे पाठवणाऱ्याला चौथा किंवा पाचवा हिस्सा मिळतो आणि तो भावाला लुबाडणारा समजतो. भावाच्या दृष्टीने मात्र तो कायद्याने मिळालेला हक्क असतो. ‘नाव वडिलांचे, जमीन माझी’ असा करार मनात किंवा कागदावर केला, तर तो बेनामी व्यवहाराच्या कायद्यात सापडण्याची भीती असते. माझ्या मते अनिवासी असताना कष्टाचा पैसा स्वतःच्या नावावरील घर, भूखंड किंवा एनआरई ठेवीत राहू द्यावा. वडिलांच्या जमिनीला पैसा दिलाच तर तो दिला असे मानावे, आणि घरात सर्वांसमक्ष बोलून वडिलांनी मृत्युपत्र करावे. हा विषय काढताना अवघडल्यासारखे होते हे खरे आहे, परंतु तो वडील हयात असतानाच काढावा लागतो.

इथले व्यवहार पाहण्यासाठी कोणाला कुलमुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर जाण्याआधीच ते इथे करून ठेवणे सोयीचे. परदेशातून पाठवायचे झाल्यास ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. सगळे अधिकार एका कागदात देऊन टाकू नयेत. बँकेपुरते, पीककर्जापुरते, एका खटल्यापुरते, असे कामापुरते अधिकार द्यावेत, आणि विक्रीचा अधिकार शक्यतो स्वतःकडेच ठेवावा.

परत येताना

कायमचे परतणाऱ्याचे दिवसही पुन्हा मोजले जातात. फेमानुसार तो कायम राहण्याच्या इराद्याने परतला की निवासी होतो, म्हणून एनआरई आणि एनआरओ खाती पुन्हा निवासी करून घ्यावी लागतात. परकीय चलन तसेच ठेवायचे असल्यास निवासी परकीय चलन खाते उघडता येते, आणि अनिवासी असताना परदेशात कमावलेली मालमत्ता तिथेच ठेवण्याची मुभाही कायदा देतो. आयकरात अशा माणसासाठी एक मधली पायरी आहे. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, किंवा मागील सात वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस जो भारतात होता, तो परतल्यावर सामान्यतः दोन ते तीन वर्षे ‘निवासी, पण सर्वसाधारण निवासी नव्हे’ असा धरला जातो. त्या काळात परदेशातील ठेवींवरचे व्याज किंवा तिथल्या घराचे भाडे, ते थेट भारतात मिळत नसेल तर, इथे करपात्र होत नाही. ही मुदत संपल्यावर मात्र परदेशातील प्रत्येक खाते विवरणपत्रात दाखवावे लागते; २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्यात ते लपवल्याबद्दल दहा लाख रुपयांचा दंड आहे, आणि त्यातून सूट आहे ती स्थावर मालमत्ता वगळून वीस लाख रुपयांपर्यंतच्या मालमत्तेलाच. म्हणून तिथले वापरात नसलेले खाते, उपदानाची रक्कम हाती आल्यावर आणि शेवटचा पगार जमा झाल्यावर, रीतसर बंद करून त्याचे पत्र घेऊनच परतीचे विमान धरावे.